ओल्ड मॅनला कुठं दुखतंय

नागेशनं डाव्या पायात मराठी पेपर कोंबले,
उजव्यात कन्नड,
डोक्यात नुसता पेंढा.
“पाय लहान-मोठे झाले की रे,” म्हटलं.
“चालतंय काकू. जायचं कुठंय त्याला?”

कॅम्पातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाला
मोडक्या खुर्चीत बसवला म्हातारा.
पँट बसलिंगण्णांची, रिटायर झाले त्या दिवशीची.
शर्ट तेवढा राहिला होता.
“काकांचा एखादा?”

कपाट उघडलं की आधी डांबरगोळीचा वास येतो,
मग तो.
निळी चौकडी, कॉलर उलटवून शिवलेली,
मस्कतला जाताना बॅगेत मावला नाही म्हणून राहिलेला.

मागं हायाती उभी होती,
माझ्या वरच्या खोलीतली पोर. मलेशियाची, कोता भारूची.
नेहरूनगरच्या हॉस्पिटलात शिकते.
मराठी येतं ते वॉर्डापुरतं:
कुठं दुखतंय, किती दिवस झाले,
जीभ दाखवा,
मोठा श्वास घ्या, सोडा.
कन्नडही तेवढंच.
गंगव्वाच्या गाड्यावर वांगी निवडताना
वांग्याचंही पोट दाबून बघते.

शर्टाकडं बघून म्हणाली, “किती दिवस झाले?”
तिला विचारायचं होतं, किती जुना.
“अकरा वर्षं.”
तिनं डॉक्टरसारखी मान हलवली,
आणि पुढचं विचारलं नाही.

साडेनऊला ती फोन घेऊन गच्चीवर गेली,
खाली आली तेव्हा नाक लाल.
“आमच्याकडे झालं,” म्हणाली. “नवीन वर्ष.”
नागेश उडालाच. “मग सांग की, कसं आहे?”
तिनं खरंच विचार केला.
“आई झोपली.”

रेमेदियनच्या अंगणात टेबलं मांडलेली,
नाताळचा तारा अजून खांबावर, त्यातला एक कोपरा विझलेला.
पोरांचा नाच, स्पीकरची खरखर, कडाक्याची थंडी,
आणि हायाती भिंतीला धरून,
राखाडी ओढणी, हातात रिकामी ताटली,
चेहऱ्यावर हसू असं, जणू कुणी सांभाळायला दिलंय
आणि घ्यायला आलेलंच नाही.

“केक नाका गे बाय, रममध्ये भिजलाय,”
रेमेदियननं ताटलीत काळपट चौकोन ठेवला.
“हे खा. दोदोल.”
पोर दचकली.
“दोदोल?”
“दोदोल.”
“दोदोल!”
मग जी सुटली तिच्या भाषेत!
मला एक अक्षर कळलं नाही.
हात मात्र कळले: कढई, उलथणं,
नारळाचं दूध आटेपर्यंत भरून येणारा दंड,
ढवळता ढवळता शिव्या देणारी आई.
रेमेदियन कोकणीतून उत्तरं देत होती.
दोघीही बोलत होत्या,
दोघीही ऐकत नव्हत्या,
मस्त जमलं होतं.

बाराला बसलिंगण्णा कन्नडात मोजायला लागले,
हत्तु, ओंबत्तु,
पोरं इंग्रजीत, आम्ही आमच्यात.
गल्लीत शून्य तीनदा आलं.

काडी ओढायच्या आत हायाती पुढं झाली,
निळ्या चौकडीवर तळवा टेकला,
“कुठं दुखतंय?”
पोरं खिदळली.
“मोठा श्वास घ्या.”
आता बसलिंगण्णाही हसले.
“सोडा.”

आधी पेपर पेटले, दोन्ही पायांतले.
मी वरून तिसरं बटण शोधत होते,
पांढरा दोरा संपला म्हणून काळ्यानं टाचलेलं.
धुरात दिसलं नाही.
तेवढ्यात मस्कतचा फोन. तिकडं साडेदहा.
“लागलं का गं वर्ष?”
“लागलं.”
“आवाज का असा?”
“धूर आहे.”
“कशाचा?”
“म्हाताऱ्याचा, आणि कशाचा.”
शर्टाचं बोलले नाही.
कुणी मागं हाक मारली त्याला, अरबीत का मल्याळीत,
“ठेवतो,” म्हणाला.

सकाळी राखेत तारा उरल्या होत्या, खुर्चीचा एक पाय.
गंगव्वानं गाडा वळसा घालून नेला.
हायाती ड्युटीला निघाली,
पांढऱ्या कोटाला जळकट वास,
खिशात कागदाची पुडी.
फाटकापाशी थांबली.
“काकू, जीभ दाखवा.”
मी दाखवली.
तिनं तुकडा ठेवला.